पोस्टातली बचतपत्रं दुसऱ्यानंच वटवली तर भरपाई कशी मिळवायची? (एनएससी म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, केव्हीपी म्हणजे किसान विकास पत्र : कागद, मुदती, ग्राहक आयोग)

अर्जनवीस_दारव्हा

कापसाचे, जमीन संपादनाचे, मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले पैसे आपल्याकडे पोस्टात जातात. सरकारी आहे, बुडत नाही, एवढाच हिशेब. मग मुदत भरल्यावर माणूस खिडकीवर जातो आणि आतून उत्तर येतं, ‘हे तर आधीच वटलं.’ यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, चंद्रपूर, कुठल्याही जिल्ह्यात विचारा, तालुक्याला अशी एखादी तक्रार पडलेली असतेच. म्हणून हा धागा. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी नेमकं लिहावं, ‘चौकशी करून पाहा’ एवढ्यावर सोडू नये.

मुख्य गोष्ट पहिल्यांदा. पैसे पोस्टानं घेतले, म्हणून द्यायचेही पोस्टानंच. बाबूनं खाल्ले, एजंटनं खाल्ले, दोघांनी मिळून खाल्ले, हा पोस्टाचा आणि त्यांचा आपसातला मामला आहे. पोस्टानं आधी पत्रधारकाला द्यावेत, मग आपल्या माणसाकडून वसूल करावेत. खिडकीवर उलटं सांगतात : ‘विभागीय चौकशी चालू आहे, ती संपू द्या’, ‘पोलिसात केस आहे, निकाल लागू द्या.’ चौकशी चार वर्षं चालते, फौजदारी खटला दहा वर्षं चालतो, आणि ग्राहक आयोगात जायची मुदत मात्र दोनच वर्षांची आहे. बहुतेक जण इथंच बुडतात.

पहिल्या आठवड्यात करायचं ते असं. हातात मूळ पत्र किंवा पासबुक असेल तर ते कुणाच्याही हवाली करू नका. ‘साहेबांना दाखवून आणतो’ म्हणणाऱ्याच्या तर नाहीच. दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. दोन प्रतींत अर्ज लिहा : पत्रांचे क्रमांक, खरेदीची तारीख, दर्शनी किंमत, मुदतीची तारीख, ‘मी ही पत्रं वटवलेली नाहीत, कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही, रक्कम कुणाला व कशी दिली ते लेखी कळवावं.’ एका प्रतीवर गोल शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तिथंच खिडकीवरून तोच अर्ज विभागाच्या अधीक्षकांना स्पीड पोस्टनं टाका आणि पावती जपा. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा ‘रजिस्टर एडी’चा हट्ट धरत बसू नका, स्पीड पोस्टला पोच जोडून मागा.

गडचिरोलीकरांसाठी एक सूचना : डाक विभाग आणि महसुली जिल्हा एक असेलच असं नाही. तुमची डाकघरं चंद्रपूर विभागात येतात. अर्ज योग्य अधीक्षकाकडे गेला नाही तर महिना नुसता इकडून तिकडे जाण्यात संपतो.

डाकबाबू_निवृत्त

वर एक भर घालतो, कारण त्यावरून बऱ्याच तक्रारी उगाच वाढतात. ‘पैसे निघत नाहीत’ म्हणजे दर वेळी चोरी नसते. मुदत भरून तीन वर्षं होऊनही बंद न केलेली खाती पोस्ट आता गोठवतं. वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून ही मोहीम असते. अशा खात्यात पैसे शाबूत असतात, ओळखीचे कागद आणि पासबुक दिलं की उघडतं. दुसरं, पत्र कधीकाळी बँकेकडे किंवा ठेकेदारीच्या अनामतीसाठी तारण दिलेलं असेल तर पत्रावर तारणाचा शिक्का असतो आणि तारण सोडवल्याशिवाय रक्कम मिळत नाही. म्हणून पहिला प्रश्न लेखी विचारा : खातं गोठलंय, तारण आहे की बंद झालंय? ‘बंद, रक्कम अदा’ असं उत्तर आलं की मग पुढचं.

आता गडबड होते कुठे ते सांगतो. छापील पत्रं १ जुलै २०१६ पासून बंद झाली, त्यानंतर पासबुक किंवा ऑनलाइन. त्यामुळे घोटाळ्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि पुरावाही वेगळा.

छापील पत्रांच्या काळात : पत्र वटवताना धारकानं मागच्या बाजूला रक्कम मिळाल्याची सही आणि तारीख टाकायची. काउंटरच्या माणसानं ती सही खरेदीच्या मूळ अर्जावरच्या सहीशी ताडून पाहायची, मग पर्यवेक्षक किंवा पोस्टमास्तरनं मंजुरी द्यायची. पत्र दुसऱ्या डाकघरातलं असेल तर मूळ डाकघराकडून पडताळणी करून घ्यायची. धारकानं खरेदीच्या वेळी ओळखचिठ्ठी (धारकाच्या सहीची, पोस्टानं दिलेली) घेतली असेल तर ती बघायची. आणि रक्कम २० हजार किंवा जास्त असेल तर रोख द्यायची नाही, चेकनं किंवा धारकाच्या बचत खात्यात जमा करायची. घोटाळा झालेल्या बहुतेक प्रकरणांत यातल्या दोन-तीन पायऱ्या तरी गाळलेल्या सापडतात. सगळ्यात ठळक म्हणजे लाखाची रक्कम रोख दिलेली असणं. पोस्टाची हयगय दाखवायला तेवढं एक व्हाउचर पुरेसं वजनदार आहे.

पासबुकाच्या काळात : संगणकावर खातं मुदतीआधी किंवा मुदतीला बंद करून रक्कम त्याच दिवशी किंवा आदल्या आठवड्यात उघडलेल्या एखाद्या बचत खात्यात वळवतात आणि तिथून काढतात. त्याआधी खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर बदलला जातो, म्हणजे धारकाला मेसेज जात नाही. नंबर कधी बदलला, कुणाच्या लॉगिनवरून बदलला, त्याचा फॉर्म कुठे आहे, हे तीन प्रश्न विचाराच. संगणकावर एक जण नोंद करतो आणि दुसरा ती पडताळून मंजूर करतो. दोन्ही लॉगिन एकाच माणसाच्या हातात असणं, म्हणजे पोस्टमास्तरचा पासवर्ड बाबूला माहीत असणं, ही लहान उपडाकघरांतली जुनी दुखणी आहेत. विभागीय चौकशीत ती लिहिली जातात, म्हणून चौकशी अहवाल महत्त्वाचा.

शाखा डाकघर, म्हणजे गावातलं, तिथं २०२० पासून एनएससी, केव्हीपीसुद्धा काढता येते. तिथला धोका आणखी वेगळा : पैसे घेतले, पासबुकात हातानं लिहिलं, शिक्का मारला, पण रक्कम पुढे हिशेबात गेलीच नाही. इथं ‘वटवलं’ असं काही नसतंच. तरी शिक्का मारलेलं पासबुक हा पुरावा आहे. पासबुक नोंदीसाठी ठेवून घेतलं तर एसबी-२८ ची पावती मागायची असते. ती कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही.

कपाशी_पांढरकवडा

भाऊ, ज्याच्यापाशी मूळ पत्रंच नाहीत, एजंटपाशीच ठेवलेली होती, घरच्या वहीत फक्त नंबर लिहून हायेत, त्यानं काय करावं? पोस्टवाले म्हणतात, पत्र आणा मंग बोला. एवढं नीट सांगजा.

डाकबाबू_निवृत्त

नंबर आहेत म्हणजे अर्धं काम झालं. पत्र वटलं की ते पोस्टाकडेच जमा होतं, धारकाकडे राहतच नाही. त्यामुळे ‘वटलं आहे’ म्हणणाऱ्यानंच ‘पत्र आणा’ म्हणणं अर्थहीन आहे, आणि हे अर्जात असंच लिहा.

कागद कुठे शोधायचे ते सांगतो. खरेदीचा अर्ज विक्री करणाऱ्या डाकघरात. वटवलेली पत्रं आणि व्हाउचर उपडाकघरातून मुख्य डाकघरात जातात, तिथं बचत बँक नियंत्रण शाखा असते, लोक तिला एसबीसीओ म्हणतात. तिथून हिशेब पुढे डाक लेखा कार्यालयात जातो, ते महाराष्ट्रासाठी आपल्या नागपुरातच आहे. उपडाकघर ‘आमच्याकडे नाही’ म्हणालं तर ते खरंही असू शकतं. वरच्या दोन ठिकाणी विचारा.

एजंटची पावती असेल तर ती जोडा. ज्या बचत खात्यातून खरेदीचे पैसे गेले त्याचा उतारा, कापूस विकल्याची किंवा भूसंपादनाचा मोबदला जमा झाल्याची बँकेतली नोंद, हेही चालतं. आयोगाला शंभर टक्के कागद लागत नाहीत, सुसंगत साखळी लागते.

आणि घाई करा. जुनी व्हाउचरं ठरावीक काळानंतर नष्ट करतात. म्हणून पहिल्याच अर्जात हे वाक्य घाला : ‘या व्यवहाराबाबत वाद असल्यानं संबंधित सर्व मूळ दस्तऐवज निकाली न काढता जतन करावेत.’ एवढं सांगूनही नष्ट केले तर तो दोष पोस्टाच्या अंगावर येतो.

माहिती_अधिकार_वाशीम

आरटीआयबद्दल, कारण आपल्याकडे हमखास चूक होते. तहसीलच्या अर्जाला लावतो तसं १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट इथं चालत नाही. पोस्ट केंद्राचं आहे. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइन भरा. राज्याच्या पोर्टलवर टाकलेला अर्ज भटकत राहतो. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही, कार्डाची प्रत जोडा.

मजकूर असा ठेवा, कमीजास्त करून :

‘माझ्या नावे (डाकघराचं नाव) येथून दि. … रोजी घेतलेल्या किसान विकास पत्र क्र. … ते … बाबत पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. १) खरेदीचा मूळ अर्ज. २) वटवलेल्या प्रत्येक पत्राची पुढची व मागची बाजू. ३) वटवण्यासाठी दिलेला अर्ज व सोबतचे ओळखपत्राचे कागद. ४) रक्कम रोख, चेक की खात्यात दिली, त्याचं व्हाउचर. ५) त्या दिवशी काउंटरवर व मंजुरीच्या जागी असलेल्या कर्मचाऱ्यांची नावं व पदनामं. ६) पत्रं दुसऱ्या डाकघरातून बदली होऊन आली असल्यास बदलीचा अर्ज (एनसी-३२) व पडताळणीचा पत्रव्यवहार. ७) या व्यवहाराबाबत झालेल्या विभागीय चौकशीचा अहवाल. तसेच मूळ नस्ती प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी द्यावी.’

‘का’, ‘कसं’, ‘जबाबदार कोण’ असले प्रश्न घालू नका. ‘ही माहिती नव्हे, खुलासा आहे’ म्हणून फेटाळतात. कागद मागा, मत मागू नका.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा ‘तपास चालू आहे, कलम ८(१)(ज)’ असं लिहून आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. इंग्रजी प्रतीत हेच कलम ८(१)(एच) असतं. तपास चालू असणं एवढंच कारण पुरत नाही, माहिती दिल्यानं तपासात अडथळा कसा येईल ते त्यांनी दाखवावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल तसा आहे. सातवा मुद्दा ते अडवतील असं धरून चाला. पहिले चार तुमचेच कागद आहेत, ते अडवायला आधार नाही.

वकील_अमरावती

कायद्याची बाजू मांडतो. तीन निकाल लक्षात ठेवा, कारण तुमचा वकील, पोस्टाचा वकील आणि आयोग या तिघांचं बोलणं त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

पहिला, ७ फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा, पोस्टमास्तर जनरलविरुद्धचा, लखनौचं प्रकरण. किसान विकास पत्रं एजंटच्या हाती दिलेली, पोस्टाच्या कर्मचाऱ्याशी संगनमत करून वटवलेली. राष्ट्रीय आयोगानं पोस्टाला सोडून दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं : कर्मचाऱ्यानं नोकरीच्या ओघात केलेल्या लबाडीला आणि हयगयीला पोस्ट जबाबदार, पैसे द्यायचे. पोस्टाला नंतर त्या कर्मचाऱ्यावर कारवाई करायची मोकळीक आहे, पण ग्राहकाला थांबवून नाही. पत्राच्या मागे धारकाची सही होती एवढ्यावर पोस्ट सुटत नाही. पेमेंट सद्भावनेनं आणि हयगय न करता झालं असेल तरच ते कायदेशीर पेमेंट ठरतं. डाकबाबूंनी वर ज्या पायऱ्या सांगितल्या त्यांना इथं किंमत येते. गाळलेली प्रत्येक पायरी म्हणजे एक हयगय.

दुसरा, १९७८ चा, स्टेट बँकेचा. तिथं बाईनं पैसे आणि पासबुक ओळखीच्या, शेजारच्या बँक कर्मचाऱ्याला दिले, बँकेबाहेर, घरोब्यातून. न्यायालय म्हणालं, तो बँकेचा नोकर म्हणून वागत नव्हता, बँक जबाबदार नाही. पोस्टाचा वकील हाच निकाल काढणार. म्हणून तक्रारीत स्पष्ट लिहा : पैसे किंवा पत्रं कुठे दिली, कोणत्या खिडकीवर, कामाच्या वेळेत का, शिक्का कुणी मारला. घरी येऊन नेली असतील तर तेही खरं लिहा, पण त्यानंतरचं वटवणं डाकघरातच झालं हे पुढे ठेवा. घरून कुणीही नेलं तरी तपासणी न करता पैसे दिले ते खिडकीनंच.

तिसरा, मार्च २०२३ चा, सिटी युनियन बँकेचा. यात न्यायालयानं म्हटलं की ग्राहक आयोगाची कार्यवाही संक्षिप्त असते, फसवणुकीसारखे गुंतागुंतीचे, वादग्रस्त प्रश्न तिथं सोडवता येत नाहीत. याचा आधार घेऊन ‘दिवाणी न्यायालयात जा’ असं सांगितलं जाऊ शकतं. उपाय मसुद्यातच आहे. तक्रार ‘अमक्यानं कट रचला, बनावट सही केली’ यावर उभी करू नका. ती ‘सेवेतील त्रुटी’वर उभी करा : सही ताडली नाही, ओळख तपासली नाही, रोख दिली, दोन लॉगिन एकानंच वापरली. कट कुणी केला हे ठरवल्याशिवायही हे सिद्ध होतं. पोस्टानं स्वतःच कर्मचाऱ्याला निलंबित केलं असेल किंवा वसुली काढली असेल तर वाद उरतच नाही, तो कागद पहिल्या पानाला लावा.

वकील_अमरावती

पुढचं, म्हणजे तक्रार कुठे आणि कशी.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. पत्रं पुण्यात घेतली आणि राहता मेहकरला, तर बुलडाण्यात दाखल करा. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. ही मर्यादा तुम्ही भरलेल्या रकमेवर मोजायची, मुदतीला मिळणाऱ्या रकमेवर नाही. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५ ते १० लाख २०० रुपये, १० ते २० लाख ४०० रुपये, २० ते ५० लाख १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस दिवाणी दाव्याला लागते, ग्राहक तक्रारीला नाही. तरी १५ दिवसांची साधी नोटीस द्या, कारण तिला आलेलं किंवा न आलेलं उत्तर कामाला येतं.

विरुद्ध पक्ष कोण हे नीट लिहा : भारत सरकार, डाक विभागाच्या सचिवामार्फत, मुख्य पोस्टमास्तर जनरल, महाराष्ट्र परिमंडळ, पोस्टमास्तर जनरल, नागपूर क्षेत्र, विभागाचे अधीक्षक, संबंधित डाकघराचा पोस्टमास्तर. कर्मचारी आणि एजंट असतील तर तेही. मागणी मात्र ‘सर्वांनी संयुक्त व स्वतंत्रपणे’ अशी लिहा. हे दोन शब्द सुटले तर पोस्ट एजंटकडे बोट दाखवतं आणि एजंटपाशी काही उरलेलं नसतं.

मुदत दोन वर्षांची, कलम ६९. ती सुरू होते तुम्हाला कळल्यापासून. २०१७ ला वटवलं आणि २०२४ ला कळलं तर २०२४ पासून, पण कळल्याची तारीख दाखवणारा कागद हवा. म्हणूनच पहिला अर्ज आणि त्याचं उत्तर मोलाचं. पोस्टाशी पत्रापत्री चालू आहे म्हणून मुदत वाढत नाही. उशीर झालाच असेल तर कारणासह विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा, मागाहून नाही.

पोस्टाला म्हणणं मांडायला ३० दिवस, जास्तीत जास्त आणखी १५. त्यानंतर आयोग मुदत वाढवू शकत नाही, घटनापीठाचा २०२० चा निकाल आहे. ४६ व्या दिवशी ‘विरुद्ध पक्षाचं म्हणणं बंद करावं’ असा अर्ज द्या. सरकारी खात्यांचं इथं नेहमी चुकतं.

शेतकरीपुत्र_मूर्तिजापूर

हे सगळं ठीक, पण आधी एफआयआर केल्याशिवाय पोस्ट हलत नाही असं माझं मत आहे. गुन्हा दाखल झाला की वरचे साहेब घाबरतात.

अर्जनवीस_दारव्हा

दादा, एफआयआर कराच, पण ‘आधी’ आणि ‘त्याऐवजी’ नको. दोन्ही रस्ते एकत्र चालवा. फौजदारीत शिक्षा होते, पैसे परत येतीलच असं नाही.

ठाण्यात जाताना घटनेची तारीख पाहा. १ जुलै २०२४ च्या आधी वटवलं असेल तर भारतीय दंड संहिता लागते : ४०९, ४२०, ४६७, ४६८, ४७१. त्यानंतरचं असेल तर भारतीय न्याय संहिता : ३१६(५), ३१८(४) आणि बनावट दस्ताची कलमं. तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, तरी नाही तर न्यायदंडाधिकारी. पोलिसांनी मूळ पत्र किंवा पासबुक जप्त केलं तर पंचनाम्याची प्रत घ्या, त्यात प्रत्येक पत्राचा नंबर लिहिला आहे ना ते जागेवर वाचून बघा. ‘केव्हीपी पत्रं नग १२’ असं मोघम लिहून घेतलं तर पुढे कोणती बारा हे सिद्ध करत बसावं लागतं.

लेखनिक_चिखली

सहीबद्दल थोडं. वटवलेल्या पत्राची प्रत हातात आली की घाई न करता नुसतं बघा. नावाची मोडणी, आडनाव, रेघ कुठून ओढली. मराठीत सही करणाऱ्याची इंग्रजीत सही निघते. सही येणाऱ्या माणसाचा अंगठा निघतो. शिक्क्याची तारीख आणि सहीखालची तारीख वेगळी निघते. रविवार निघतो. पंधरा पत्रांच्या मागची सही एकाच पेनानं, एकाच झोकात, एकाखाली एक केलेली दिसते.

आणि सगळ्यात पक्कं : धारक वारल्यानंतरची तारीख. मृत्यू दाखला आणि पत्राची मागची बाजू शेजारी ठेवली की युक्तिवाद करायची गरज राहत नाही. अशा प्रकरणात वारस किंवा नॉमिनी तक्रार करू शकतात, ग्राहक कायद्यात वारसाला तक्रारदार मानलं आहे.

अंगठा असेल तर तज्ज्ञाकडून तपासणी मागा. सहीवर दोन तज्ज्ञ दोन मतं देतात, ठशावर तसं क्वचितच होतं. अंगठ्याला ओळखीच्या साक्षीदाराची सही लागते. तो साक्षीदार कोण आहे ते पाहा. बऱ्याचदा तो त्याच एजंटचा माणूस असतो.

ज्योती_पुसद

बाई माणसानं, विधवा असेल, वकिलाची फी नसेल, तर? आणि एजंटनं ‘नूतनीकरण करायचं’ सांगून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या असतील तर दावा संपतो का?

वकील_अमरावती

ताई, दावा संपत नाही. कोऱ्या फॉर्मवर सही घेतली तरी रक्कम धारकाच्या हातात किंवा धारकाच्याच खात्यात जायला हवी होती. ती गेली का, हा प्रश्न पोस्टाला विचारायचा. एजंटचं काम पत्रं विकून देण्याचं आणि त्यावर कमिशन घेण्याचं. धारकाच्या वतीनं वटवून रोख नेण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. ‘प्रतिनिधी’ म्हणून एजंटला रोख दिल्याचं व्हाउचर निघालं तर ते पोस्टाच्या विरोधात जातं.

वकिलासाठी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तालुक्याला तालुका समिती असते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. आधार, पत्रांच्या प्रती, पोस्टाशी झालेला पत्रव्यवहार घेऊन जा, साध्या कागदावर अर्ज चालतो.

हिशेबनीस_वर्धा

मागणी किती करायची? इथं लोक कमी मागतात. चोरानं पत्र मुदतीआधी मोडलं असेल तर पोस्ट म्हणतं, ‘त्या दिवशी एवढीच रक्कम झाली होती.’ ते मान्य करू नका. तुम्ही मोडलं नव्हतं, म्हणून पूर्ण मुदतीची रक्कम मागा.

उदाहरण : जानेवारी २०१५ मध्ये ५०,००० ची केव्हीपी. तेव्हा १०० महिन्यांत दुप्पट, म्हणजे मे २०२३ ला १,००,०००. त्यावर मे २०२३ पासून प्रत्यक्ष पैसे मिळेपर्यंत व्याज. ९ टक्क्यांनी मागितलं तर दोन वर्षांचे १८,०००. आयोग सहसा ६ ते ९ च्या दरम्यान देतो, पण न मागितलेलं देत नाही. त्यापुढे मानसिक त्रासाची भरपाई वेगळी, तक्रारीचा खर्च वेगळा. तिन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत लिहा. एनएससीचा दर खरेदीच्या तारखेचा लागतो, आजचा नाही; २०१४-१५ च्या पाच वर्षांच्या पत्राला शंभराचे १५१ रुपये ६२ पैसे होत होते. जुना दर पत्रावर किंवा त्या वर्षीच्या अधिसूचनेत सापडतो. फी मात्र वरच्या उदाहरणात ५०,००० वर, म्हणजे शून्य.

डाकबाबू_निवृत्त

पोस्टाची ठरलेली उत्तरं आणि त्यांना काय म्हणायचं ते लिहितो.

‘पोस्ट ऑफिस कायदा १८९८, कलम ६, आम्ही जबाबदार नाही.’ ते कलम पाठवलेल्या पत्र-पार्सलच्या गहाळ होण्याबद्दल होतं, बचतीबद्दल नाही. तो कायदाही आता राहिला नाही, पोस्ट ऑफिस कायदा २०२३ जून २०२४ पासून लागू आहे.

‘एजंट आमचा नाही, राज्य सरकारनं नेमलेला.’ एजंट कुणाचाही असो, वटवण्याची तपासणी डाकघराची.

‘मूळ रेकॉर्ड पोलिसांनी नेलं.’ मग जप्तीचा पंचनामा दाखवा आणि पोलिसांकडून प्रती मागवा.

‘खातं नियमाविरुद्ध उघडलं होतं.’ हे एक उत्तर मात्र खरंच अडचणीचं आहे. नियमात न बसणाऱ्या ठेवीवर व्याज नाकारणं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मान्य केलं आहे, तिथं देवस्थानच्या नावे ठेव होती. तेव्हा संस्था, ट्रस्ट, मंडळाच्या नावे पत्रं असतील तर आधी नियम तपासून घ्या.

अर्जनवीस_दारव्हा

गावातल्या मिटवामिटवीबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. प्रकरण उघड झालं की त्या बाबूचे नातेवाईक, एखादा सरपंच, समाजातली वडीलधारी माणसं घरी येतात : ‘पोराची नोकरी जाईल, थोडेथोडे करून देतो, तक्रार मागे घ्या.’ माणुसकी म्हणून ऐकणारे ऐकतात. पहिला हप्ता रोख येतो, दुसरा येत नाही, आणि पोस्ट म्हणतं, ‘हा तुमचा खासगी उसनवारीचा व्यवहार होता, तुम्ही पैसेही घेतलेत.’ वर दोन वर्षांची मुदत निघून जाते ती वेगळीच.

घ्यायचेच असतील तर फक्त बँक खात्यात घ्या, आणि त्याच दिवशी अधीक्षकांना कळवा : ‘पत्र क्र. … पोटी येणे रकमेपैकी एवढी रक्कम अमक्याकडून मिळाली, उर्वरित रकमेवरचा पोस्टाविरुद्धचा माझा हक्क कायम आहे.’ शंभरच्या स्टॅम्पवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका.

पोस्टही कधीकधी फक्त मुद्दल देऊ करतं आणि ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या कागदावर सही मागतं. पैसे घ्या, पण सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा : ‘हक्क राखून स्वीकारले.’ लिहू देत नसतील तर सही न करता तसं लेखी कळवा.

कपाशी_पांढरकवडा

डाक अदालतीत जाऊन काई होते का? ऑनलाइन तक्रारीचं काय?

माहिती_अधिकार_वाशीम

डाक अदालत, १८०० २६६ ६८६८ वरची तक्रार, केंद्राचं तक्रार पोर्टल, तिन्ही वापरा, पण ती कागद तयार करण्यासाठी. पोर्टलवर २१ दिवसांत उत्तर अपेक्षित असतं आणि त्या उत्तरात बऱ्याचदा पोस्ट स्वतःच लिहून जातं की ‘सदर कर्मचाऱ्यावर कारवाई सुरू आहे.’ ते उत्तर छापून घ्या. वादाचा निवाडा तिथं होत नाही. ‘प्रकरण बंद’ असं आलं म्हणजे हक्क बंद झाला असं समजू नका.

ज्योती_पुसद

आदेश आपल्या बाजूनं लागला आणि तरी पोस्टानं दिले नाहीत तर?

वकील_अमरावती

ताई, पोस्टाला राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात, आपल्या भागासाठी नागपूरचं खंडपीठ. अपील दाखल करताना आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. नुसतं अपील केलं म्हणून आदेश थांबत नाही, स्थगिती आहे का ते विचारा. स्थगिती नसेल तर कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली दंडात्मक अर्ज, दोन्ही त्याच जिल्हा आयोगात. ७२ मध्ये महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजारांचा दंड, किंवा दोन्ही आहे. अर्जात अधीक्षकाचं पदनाम आणि त्या वेळी पदावर असलेल्या व्यक्तीचं नाव, दोन्ही घाला. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाल्यावर ती बँक तपशिलासह लगेच अधीक्षकांना पाठवून द्या, म्हणजे ‘खाते क्रमांक नव्हता’ हे कारण उरत नाही.

डाकबाबू_निवृत्त

ज्यांची पत्रं अजून शाबूत आहेत त्यांच्यासाठी एवढं. जुनं छापील पत्र असेल तर नंबर देऊन ते चालू आहे का हे लेखी विचारून घ्या. पासबुक असेल तर शाखा डाकघरातल्या हातानं लिहिलेल्या नोंदीवर थांबू नका, तालुक्याच्या उपडाकघरात नेऊन छापील नोंद घ्या आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर वाचून दाखवायला सांगा. नॉमिनीचं नाव त्याच वेळी तपासा. पत्रं आणि पासबुकं एजंटकडे ‘सांभाळायला’ ठेवली असतील तर या आठवड्यात परत आणा.